पेटारा, ट्रंक आणि खोके

घर बदलण्यासंबंधी मराठीत किती शब्द आहेत ते एकदा आठवून पाहा. कुणी गाव सोडून गेला की आपण म्हणतो, त्याने गाशा गुंडाळला. भाडेकऱ्याला घाईने बाहेर पडावे लागले की त्याने चंबूगबाळे आवरले. सारख्या बदल्या होणारा नोकरदार दिसला की तोंडी येते, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. हे शब्द आपण सहज बोलून जातो. पण ते आकाशातून पडलेले नाहीत. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. ते गुंडाळले की मुक्काम संपला. चंबू म्हणजे पाण्याचे भांडे आणि गबाळे म्हणजे त्याच्यासोबतचे किडूकमिडूक सामान. वाटेवरच्या माणसाचा संसार एवढाच असे, आणि भाषेने तो नीट जपून ठेवला आहे.

राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या कशा निघाल्या, हत्ती किती होते नि तोफा किती होत्या, याचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण तुमच्या-माझ्या पणजोबांनी आपले घर एका गावाहून दुसऱ्या गावाला कसे नेले, कशात भरून नेले, काय बरोबर घेतले आणि काय मागे टाकले, हेही इतिहासातच मोडते. आज त्याविषयीच थोडे बोलावे म्हणतो. या इतिहासात दोन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली अशी, की गरिबाने सामान भरायला मुद्दाम पेटी विकत घेतली असे क्वचितच घडले. व्यापाऱ्याचा माल ज्यातून आला ते पोते, तो डबा, ते खोके रिकामे झाले की गरिबाचा संसार त्यातून निघाला. दुसरी गोष्ट अशी, की सामान किती नेले याला फारसे महत्त्व नव्हते. जाण्याआधी विचार करायला सवड मिळाली की नाही, यावर बिऱ्हाडाचे पुढचे नशीब ठरत गेले.

रेल्वे येण्यापूर्वीच्या काळापासून सुरुवात करू. त्या काळी माल वाहून न्यायचे मोठे काम करीत बंजारा लोक. हजारो बैलांचे त्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन देशभर फिरत. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात वेलस्लीच्या फौजेलाही धान्य पुरवायला असेच तांडे होते. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना सारख्या वजनाची गोणी टाकलेली असे. इंग्रजीत तागाच्या पोत्याला जो ‘गनी’ शब्द आहे, तो आपल्या गोणीवरूनच गेला. साहेबाने आपला माल नेला तो नेला, पोत्याचे नावही नेले! या तांड्यांबरोबर बायकामुले, भांडीकुंडी, सगळे घरच चालत असे. बिऱ्हाड आणि व्यापार यांची वाट एकच होती.

दुसरे उदाहरण धनगरांचे. माणदेशातले मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणाच्या किंवा चाऱ्याच्या दिशेने निघत. त्यांचा सारा संसार घोड्यावर. घोंगडी, मोजकी भांडी, पिठाची पिशवी, जाळे, आणि त्यावर एखादे चिमुकले मूल, कोंबडी किंवा नुकते जन्मलेले कोकरू. हा घोडा भरणे हे अडाण्याचे काम नव्हे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे पाहिजे. जे मुक्कामावर आधी लागणार ते वर पाहिजे. ओले आणि कोरडे एकमेकांस लागता कामा नये. रोज भरायचे, रोज सोडायचे. त्यामुळे निरुपयोगी वस्तू बाळगण्याची चैन त्यांना परवडत नसे.

शेतकऱ्याचे घर हलायचे ते बैलगाडीतून. ज्यांनी गाडी हाकली आहे त्यांना सांगायला नको, की ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे पुढे जास्त झाले तर जू मानेवर रुतते. म्हणून जड वस्तू आसावर, बरोबर मध्ये. हलक्या वस्तू पुढे-मागे. आजच्या टेम्पोलाही हाच नियम लागू आहे.

पण गाडीत सगळेच मावत नसे. जाते, उखळ, रांजण, धान्याची कणगी या वस्तू पुष्कळदा मागेच राहत. कणगी कुडाची, तिच्यावर शेणामातीचा लेप; हलवली की तडकायची. रांजण तर अर्धा जमिनीत पुरलेला. मग जाणारा आपले जाते शेजाऱ्याला देई आणि नव्या गावी पाथरवटाकडून दुसरे घेई. जुनी माणसे अशा वेळी एक साधा हिशेब करीत: ही वस्तू न्यायला जेवढा खर्च, त्याहून कमी खर्चात ती तिकडे मिळते का? मिळत असेल तर इथेच ठेवा. सामान बांधणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

सुखवस्तू माणसाजवळ पेटारा असे, वेताचा किंवा लाकडाचा, वरून कधी कातडे मढवलेला. तो कावडीने किंवा तट्टावरून जाई. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि हा पेटारा हळूहळू मागे पडला. गाडीत सामान एकावर एक रचायचे, हमालाने डोक्यावर घ्यायचे, बाकाखाली सरकवायचे; त्याला चपटी, कडक, कुलूप लागणारी पेटी हवी. तशी ती आली: पत्र्याची ट्रंक. तिच्यावर रंगाने मालकाचे नाव आणि गाव लिहून घ्यायचे. ट्रंकेच्या जोडीला सतरंजीत गुंडाळलेली वळकटी. मुंबईच्या गिरणीत नोकरीला निघालेला कोकणी चाकरमानी म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धावली, आणि जिथे रेल्वे नव्हती तिथली बिऱ्हाडेही गाडीच्या टपावर चढली. मागच्या शिडीने वर चढायचे, दोर आवळायचे, आणि प्रत्येक थांब्यावर खिडकीतून मान काढून आपली ट्रंक कुणी उतरवली तर नाही ना, हे पाहायचे!

ट्रंक विकत घ्यावी लागे. ती घरात एक, फार तर दोन. मग बाकीचे सामान कशात? इथून खरी गंमत सुरू होते.

१८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाचे सूत काढणारी पहिली गिरणी निघाली. त्यानंतर तागाची पोती इतकी बनू लागली की धान्य, साखर, सगळे पोत्यातून येऊ लागले. किराणा दुकानदार रिकामी पोती विकायचा, कधी ओळखीवर फुकट द्यायचा. त्यात कपडे भरावेत, भांडी भरावीत, तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवून टाकावे. पोते फाटले तर पायपुसणे, पायपुसणे फाटले तर बैलाच्या पाठीवर झूल. गोणपाटाचा एक धागा वाया जात नसे.

त्यानंतर आले रॉकेल, ज्याला खेड्यात घासलेट म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात परदेशातून हे तेल आपल्याकडे येऊ लागले, ते पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून. एका डब्यात सुमारे अठरा लिटर तेल, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. म्हणजे पाहा, तेल जळून गेल्यावर मागे दोन डबे आणि एक खोके, अशा तीन कामाच्या वस्तू उरत. डब्याचा वरचा पत्रा कापून आडवी दांडी बसवली की पाणी भरायची बादली झाली. झाकण बसवले की पिठाचा डबा झाला. सपाट केला की गोठ्याचे छप्पर झाले. आणि बिऱ्हाड हलायचे तेव्हा त्याच डब्यात लोणच्याच्या बरण्या गवतात बसवून न्यायच्या. आजही गोडे तेल ज्या पंधरा किलोच्या डब्यातून येते, तो याच घराण्यातला.

चहाचे खोके हे त्याचे मोठे भावंड. आसामच्या मळ्यांतून चहा पातळ प्लायवुडच्या चौकोनी पेट्यांतून येई. कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, आत दमट हवा लागू नये म्हणून चकचकीत वर्ख. वजनाला हलके आणि मजबूत असे हे खोके चहा-विक्रेत्याकडे थोड्या पैशांत मिळे. शहरात बदली झालेल्या कारकुनाची पुस्तके नि काचसामान याच खोक्यांतून जाई, आणि नव्या घरी तेच खोके उलटे ठेवून मुलांचे अभ्यासाचे मेज होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस चहा कागदी आणि विणलेल्या पोत्यांतून जाऊ लागला, तशी ही खोकी नाहीशी झाली. कोकणात आंब्याची लाकडी पेटी हेच काम करी. आंबे संपले की पेटी उरे आणि तिच्यात भरलेले वाळके गवतही उरे. सामान बांधणाऱ्याला दोन्ही उपयोगी.

आणि आता राज्य आहे पुठ्ठ्याच्या खोक्याचे. नालीदार कागदाचे पेटंट १८५६ साली इंग्लंडात घेतले गेले. तो कागद तेव्हा उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून घालीत. १८७१ साली अमेरिकेत त्याचा उपयोग बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी झाला. पुढे नालीदार कागदाला दोन्ही बाजूंनी सपाट कागद चिकटवला गेला, आणि न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे रॉबर्ट गेअर नावाच्या कागदी पिशव्यांच्या कारखानदाराने १८७९ च्या सुमारास एकाच दाबात कापून घड्या पाडलेली पेटी बनवण्याची युक्ती काढली. साबण, बिस्किटे, औषधे, द्राक्षे, सारे त्यातून येते. आपल्या वाडीवस्तीवरच्या दुकानामागेही अशी खोकी चपटी करून रचलेली असतात. म्हणजे पोते, डबा, चहाचे खोके आणि हे पुठ्ठ्याचे खोके, चौघांची कुळी एकच. माल व्यापाऱ्याचा, रिकामी पेटी ज्याला हवी त्याची.

आतापर्यंत पेट्यांचे झाले. आता ज्या दुसऱ्या गोष्टीचा मी सुरुवातीला उल्लेख केला, त्या सवडीकडे वळू.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. पुढच्या काही वर्षांत साथ गावोगाव पोचली. उंदीर मरू लागले की गाव मोकळे करायचे आणि शेतात झोपड्या घालून राहायचे, ही रीत पडली. रिकाम्या घरांची कौले काढून आत ऊन पडू द्यायचे. पहिल्या साथीत माणसे घाबरून, हाताला लागेल ते घेऊन धावली. रेल्वे स्थानकांवर त्यांची तपासणी झाली, कपडे-सामान औषधात बुडवले गेले. पण साथ पुन्हा आली, तिसऱ्यांदा आली, तेव्हा घराघरात अनुभव जमला. कोणते दोन डबे उचलायचे, बियाणे कुठे ठेवायचे, गुरांचे दावे कुणी सोडायचे, म्हातारीला गाडीत कुठे बसवायचे, हे आधीच ठरलेले असे. आपत्ती तीच होती. पण आता माणसांनी तयारी केली होती.

उलट जिथे सवडच मिळाली नाही तिथे काय झाले? १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तिथे पेटी भरायला वेळ कुणाला होता? जीव घेऊन माणसे उंचावर गेली. घरे गेली, आणि घरांबरोबर ट्रंकेतले कागदही पाण्यात गेले.

याहून वेगळी आणि लांबलेली कहाणी आहे धरणग्रस्तांची. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो आपण वाचलेला आहे. पुढे कोयनेवर धरण झाले. त्याच्या मागे शिवसागर जलाशय पसरला आणि खोऱ्यातली गावेच्या गावे उठली. काही ठाणे नि रायगड जिल्ह्यांत गेली, काही सांगली नि सोलापूरकडे गेली. पावसाच्या मुलखातली माणसे उन्हाच्या मुलखात. अशा वेळी माणूस नुसती भांडी नेत नाही. दारे, चौकटी, वासे, कौले, जे निघेल ते काढून नेतो, कारण नव्या जागी घर उभे करायचे असते. कोयनेच्या विस्थापितांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना आपल्या हक्काच्या जमिनीसाठी एकविसाव्या शतकातही आंदोलने करावी लागली. असा हक्क मागायला गेले की कचेरीत पहिला प्रश्न होतो तो कागदाचा. जुना उतारा कुठे आहे? संपादनाची नोटीस कुठे आहे? वासे नेले, कौले नेली. पण ती कागदांची सुरळी कुठल्या आढ्यात खोचलेली राहिली असेल, तर नातवाने काय दाखवावे?

कायद्याने या हलवाहलवीच्या खर्चाची दखल केव्हा घेतली, तेही शिक्षकांना सांगण्याजोगे आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात एक कलम होते, की जमीन घेतल्यामुळे राहते घर किंवा धंद्याची जागा बदलावी लागली, तर त्या बदलाचा वाजवी खर्च भरपाईत धरावा. शब्द चांगले होते. पण वाजवी म्हणजे किती, हे शेतकऱ्याने सिद्ध करायचे. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ साली झाला, म्हणजे कोयनेची गावे उठून गेल्यावर. आणि १८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या केंद्रीय कायद्याने घेतली, तेव्हा त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्पष्ट आकडा आला: विस्थापित होणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माणसे, घरबांधणीचे साहित्य, चीजवस्तू आणि गुरे हलवण्यासाठी पन्नास हजार रुपये एकरकमी. गुरे आणि वासे हे शब्द कायद्यात यायला एकशे एकोणीस वर्षे लागली.

दरवर्षी हलणारे एक बिऱ्हाड आपल्या डोळ्यांसमोरून जाते, त्याचाही विचार करू. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे कारखाने वाढले आणि बीडसारख्या दुष्काळी भागातून ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची संख्याही वाढली. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी निघतात. पूर्वी सारा प्रवास बैलगाडीने व्हायचा, आता पुष्कळसा ट्रकने किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने होतो. चार-पाच महिन्यांचे धान्य, तवा, परात, अंथरूण आणि फडाजवळ कोपी घालायचे सामान. या बायका सामान बांधतात ते पाहावे. एक पोते जास्त नाही, एक भांडे कमी नाही. पण ट्रॉलीत मुलेही बसलेली असतात आणि त्यांची शाळा मागे राहते.

इथे गुरुजनांना एक विनंती आहे. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सांगतो, की मूल कोणत्याही कारणाने दुसऱ्या गावी जात असेल, तर त्याला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणाने नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही किंवा लांबवायचा नाही. हे आईबापांना ठाऊक नसते. दाखल्यावाचून शाळेत घेणार नाहीत, असे समजून पोर फडावर राहते. दसऱ्याच्या आधी शिक्षकाने वर्गात विचारावे, तुमच्यापैकी कोण कोण जाणार आहे? आणि त्यांचे कागद त्यांच्या हाती द्यावेत.

आता शिक्षकांच्या आणि तुमच्या-आमच्या घरगुती हलवाहलवीकडे येऊ. बदलीचा हुकूम हाती पडला की घरात गडबड उडते. हमालांचा मोठा ताफा नेमण्याची ऐपत सर्वांची नसते, आणि तशी गरजही नसते. इतिहासाने जे शिकवले तेच थोडे मांडून ठेवतो.

खोकी शोधायची तर दुकानदाराला आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवावे आणि माल ज्या दिवशी येतो त्या दिवशी जावे. खोकी कुजण्याआधी, भिजण्याआधी मिळतात. औषधांच्या दुकानातली खोकी आकाराने लहान पण मजबूत असतात. ती पुस्तकांना उत्तम. साबण-बिस्किटांची मोठी खोकी कपड्यांना आणि हलक्या वस्तूंना. खोक्याचा जोर त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असतो. कोपरा दबलेला दिसला की ते घेऊ नये. पुठ्ठा दमट झाला की निम्मा जीव जातो, म्हणून पावसाळ्यात खाली फळी घालावी आणि वरून ताडपत्री टाकावी. पुस्तकांचे मोठे खोके कधी भरू नये. एका माणसाला सहज उचलता येईल एवढेच वजन ठेवावे. तळाला चिकटपट्टी आडवी-उभी दोन्हीकडून लावावी आणि वरून सुतळी बांधावी.

एक इशारा द्यायलाच हवा. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही मजबूत दिसला, तरी तो घरात आणू नये. धुऊनसुद्धा नाही. असा डबा पुन्हा वापरात येऊ नये, तो फोडून वस्तीपासून दूर पुरावा, असे कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांतच सांगितले आहे. खताची विणलेली पिशवीही धान्याला वापरू नये. चपला, अवजारे, दोर यांना ती चालेल.

काचसामानाला कागदच हवा असे नाही. गोधड्या, लुगडी, शर्ट न्यायचेच आहेत, मग ते बरण्यांभोवती गुंडाळावेत. दोन कामे एकात होतात. पातेल्यात पातेले आणि मध्ये फडके. धान्य पोत्यात, तोंड शिवून. स्टोव्हमधले तेल काढून टाकावे. प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंना आकडा घालावा आणि एका वहीत लिहावे, क्रमांक एक, मुलांची पुस्तके. क्रमांक दोन, स्वयंपाकघर, मसाले. शिक्षकाच्या घरी हजेरीपट ठेवण्याची सवय असतेच. गाडी उतरवताना खोक्यांची हजेरी घ्यावी, गैरहजर कोण ते लगेच कळते!

गाडी ठरवताना परतीची गाडी शोधावी. शहरात भाजी किंवा माल टाकून रिकामा जाणारा टेम्पो कमी भाड्यात येतो. एकाच वेळी दोन शिक्षकांच्या बदल्या एकमेकांच्या दिशेने झाल्या असतील, तर एकच गाडी जाताना एकाचे आणि येताना दुसऱ्याचे सामान नेऊ शकते. आणि गाडी भरताना बैलगाडीचा नियम विसरू नये: जड खाली आणि मध्ये. जे नव्या घरात आधी लागणार ते शेवटी चढवायचे. पुष्कळ घरांत रीत आहे, की नव्या वास्तूत प्रथम देव, दिवा आणि पाण्याची भरलेली घागर न्यायची. श्रद्धा आहेच, पण व्यवहारही आहे. रात्री पोचल्यावर पहिल्यांदा उजेड आणि पाणीच लागते. त्यांच्याबरोबर एका वेळचे पीठ, तवा आणि अंथरूण असले की बाकीची खोकी सकाळी सावकाश सोडता येतात.

आणि शेवटी सर्वांत लहान पेटी. मोठी खोकी दुकानात मिळतात, हरवली तर दुसरी मिळतात. ही लहान पेटी मात्र ज्याची त्यानेच भरायची असते. जमिनीचे उतारे, खरेदीखत, जन्माचे दाखले, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि जमीन संपादनात जात असेल तर प्रत्येक नोटीस. त्यांच्या छायाप्रती करून दुसऱ्या कुणाकडे ठेवाव्यात. ही पेटी ट्रकमध्ये चढवू नये. घरातल्या जबाबदार माणसाने मांडीवर घेऊन बसावे. पुराच्या गावात, धरणाच्या खोऱ्यात किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर ती बारा महिने भरून तयारच असावी. शिक्षकांनी ग्रामसभेत किंवा पालकांच्या बैठकीत एकदा ही यादी फळ्यावर लिहून दिली, तर पुष्कळ घरांचे पुढचे हेलपाटे वाचतील.

गाशा गुंडाळणाऱ्या स्वाराला कागदांची इतकी फिकीर नसेल. आपल्याला आहे, कारण आपण कोण, कुठले आणि आपले काय होते, हे आज कागदावरून ठरते. तेव्हा श्रोते हो, या मे महिन्यात तुमच्या घरी किंवा शेजारी बदलीचा हुकूम आला, तर खोकी गोळा करायला निघण्याआधी ही लहान पेटी पुढ्यात घ्या आणि तिच्यापासून सुरुवात करा.